गाडीचा वॉटर पंप: कोकणात तो कसा सांभाळायचा आणि कधी बदलायचा

गाडी घाटात तापली की पहिला संशय रेडिएटरवर जातो. तो समोर असतो, दिसतो, त्यावर पाणी मारता येतं. वॉटर पंप बिचारा इंजिनच्या बगलेत पट्ट्यामागे दडलेला, त्यामुळे गाडी टोचन लावून आणायची वेळ येईपर्यंत त्याची कुणाला आठवण होत नाही.

एकाएकी बंद पडणारा पंप विरळा. बहुतेक पंप आधी काही आठवडे ठिबकतात, घरघरतात, टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, हळूहळू कमी करतात. हे अंगणात लक्षात आलं तर काम दिवसाभराचं आणि काही हजारांचं. आंबा घाटात किंवा कुंभार्लीत लक्षात आलं आणि तरीही ‘वर पोचू, मग बघू’ म्हणत गाडी रेटली, तर हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं, त्याच्या खालचं हेड गॅस्केट उडतं आणि बिल कितीतरी पटीने वाढतं. तेव्हा या लेखाचा भर पंप बदलण्यापेक्षा त्याच्या खुणा वेळेत ओळखण्यावर आणि गाडीत कोणतं पाणी ओततो त्यावर आहे. पंपाचं आयुष्य मुख्यतः त्या पाण्यावर ठरतं. गॅरेजमध्ये कुणी ‘वॉटर बॉडी गेली’ म्हणालं, तर तेही याच पंपाबद्दल बोलत आहेत असं समजा.

पंपाच्या पोटात काय असतं

ॲल्युमिनियमची किंवा बिडाची बॉडी, तिच्या मधून जाणारा एक शाफ्ट, शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला पुली आणि आतल्या टोकाला पात्यांची चकती, म्हणजे इंपेलर. पट्टा पुली फिरवतो, इंपेलर कूलंटला इंजिनमधून रेडिएटरकडे आणि तिथून परत इंजिनकडे खेळवत ठेवतो. शाफ्ट बेअरिंगवर फिरतो, आणि कूलंट बेअरिंगमध्ये शिरू नये म्हणून मध्ये सील असतं.

सगळा खेळ त्या सीलचा आहे. त्याचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर टेकून फिरतात आणि त्यांच्यामध्ये कूलंटचाच अतिशय पातळ थर असतो. त्याच थराने ते थंड राहतात, त्यानेच त्यांना वंगण मिळतं. कूलंटमध्ये गंजाची भुकटी, रेतीचे कण, क्षार आले की या पृष्ठभागांवर चरे पडतात. चऱ्यांतून कूलंट बेअरिंगच्या दिशेने झिरपतं, ग्रीस धुऊन नेतं आणि बेअरिंग कोरडं पडतं. इथून पुढे पंपाचे दिवस मोजायचे.

सील आणि बेअरिंग यांच्या मधोमध, बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. मेकॅनिक त्याला वीप होल म्हणतात. सीलमधून निसटलेलं कूलंट बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं, यासाठी ते असतं. तुमच्या गाडीत हे भोक कुठे आहे ते एकदा मेकॅनिककडून बॅटरीच्या उजेडात बघून घ्या. पुढची निम्मी तपासणी तिथेच होते. हे भोक एम-सील लावून बुजवलेलंही बघायला मिळतं. तसं केलं की बाहेर पडणारं पाणी आत बेअरिंगमध्ये साठतं आणि महिनाभर चालला असता तो पंप आठवड्यात अडकतो.

पंप कोणत्या पट्ट्यावर चालतो हेही माहीत असलं पाहिजे, कारण खर्च आणि धोका दोन्ही त्यावर ठरतात. मारुतीच्या के-सीरीज पेट्रोल इंजिनांत टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टनचा मेळ राखायला, चेन आहे आणि पंप बाहेरच्या पट्ट्यावर, ज्याला आपण सरसकट फॅन बेल्ट म्हणतो. तिथे पंप बदलणं त्या मानाने सोपं. डस्टरच्या 1.5 डिझेलमध्ये मात्र पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. तिथे पंप अडकला तर टायमिंग बेल्ट तुटू शकतो, आणि मग पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आदळून इंजिन खोलायची पाळी येते. जुन्या डिझेल जीप आणि पिकअपची तऱ्हा आणखी वेगळी: पुढचा पंखा पंपाच्याच शाफ्टवर बसवलेला असतो. पंख्याचं एक पातं वाकलं किंवा तुकडा उडाला तरी त्या हादऱ्याने बेअरिंग खिळखिळं होतं. आंब्याच्या दिवसांत पेट्या भरून वाशीकडे पळणाऱ्या पिकअपवाल्यांनी हंगामाआधी पंख्याची पाती हात लावून तपासावीत, अर्थात इंजिन बंद असताना.

इलेक्ट्रिक आणि बऱ्याच हायब्रिड गाड्यांत कूलंट फिरवायला विजेवर चालणारा पंप असतो. त्याला पट्टा नाही, पुली नाही. बिघाड बहुधा स्कॅनर लावल्यावर कळतो. त्या गाड्यांच्या मालकांनी पुढचा कूलंटचा भाग तेवढा वाचावा, आणि तोही आपल्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट कोणतं ते बघून.

बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?

हा प्रश्न कोकणात हमखास विचारला जातो. कूलंट म्हणजे गोठू नये म्हणून घालायचं औषध, अशी समजूत त्यामागे असते. रत्नागिरीत पाणी गोठणार नाही हे खरंच. पण कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर गंजरोधक रसायनं असतात आणि आपल्याला गरज आहे ती त्यांची. इंजिनमध्ये ॲल्युमिनियम, बीड, तांबं, रबर असे सगळे एकाच पाण्यात भिजत असतात. नुसत्या पाण्यात ते एकमेकांना खातात. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी या मिश्रणाचा उत्कलनबिंदू उघड्यावर साधारण 107 अंश सेल्सिअस असतो. रेडिएटरच्या झाकणाने साधारण एक बारचा दाब धरून ठेवला की तो 125 अंशांच्या वर जातो. घाट चढताना हीच वीस-पंचवीस अंशांची ऐस कामाला येते.

उकळण्याचा आणि पंपाचा आणखी एक थेट संबंध आहे. इंपेलरच्या पात्यांमागे दाब कमी होतो. पाणी उकळायच्या बेतात असेल तर तिथे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना धातूचा कण उचलतो. वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीचा पंप उघडा, हे डोळ्यांनी दिसतं: पात्यांच्या कडा कुरतडलेल्या, मधल्या भागावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे, बॉडीच्या आतल्या बाजूला बोटाला लागणारा तपकिरी गाळ, आणि शाफ्टच्या गळ्याशी गंजाचं कडं. अशा इंपेलरला पाणी ढकलायला जोरच उरत नाही. बाहेरून पंप कोरडा ठणठणीत दिसतो, ठिबकत नाही, आवाज नाही, आणि गाडी मात्र चढावर तापते.

दाब धरणारं झाकण कमजोर झालं तरी हेच होतं. म्हणून झाकणाचं रबर कडक झालेलं, चिरलेलं दिसलं तर नवीन झाकण घ्या, त्याच दाबाचं. शे-दोनशे रुपयांच्या वस्तूवर पंपाचं आयुष्य टांगून ठेवण्यात अर्थ नाही.

आता पाणी कुठलं? देशावरच्या बोअरच्या पाण्यासारखे जाड क्षार आपल्या विहिरींत नसतात, म्हणून लोक निर्धास्तपणे विहिरीचं पाणी ओततात. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी प्यायला गोड असलं तरी त्यात अनेक ठिकाणी लोह उतरलेलं असतं. ते घरातल्या बादल्यांवर आणि फरशीवर तांबूस डाग सोडतं, तेच रेडिएटरमध्येही सोडणार. खाडीकाठच्या आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी तर चैत्र-वैशाखात मचूळ होतात. मचूळ पाण्यातलं मीठ ॲल्युमिनियमला बारीक बारीक भोकं पाडतं, आणि कूलंटमधली रसायनंही त्यापुढे लवकर हात टेकतात. तेव्हा बॅटरीच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरा. ते जमत नसेल तर तयार मिश्रण असलेलं कूलंट घ्या. त्यात पाणी घालायचंच नसतं. डब्यावर ‘कॉन्सन्ट्रेट’ आहे की ‘रेडी टू यूज’ ते वाचा. तयार मिश्रणात आणखी निम्मं पाणी घालून लोक नकळत त्याचा कस घालवतात.

रंगावर विसंबू नका. हिरवं, गुलाबी, केशरी, निळं असे रंग प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने देते. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे मानक लिहिलं असेल ते डब्यावर शोधा. दोन वेगळ्या जातींची कूलंट मिसळली तर रसायनं एकमेकांना मारतात, क्वचित गाळही धरतो. जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट साधारण दोन वर्षांत बदलायचं असतं. नव्या दीर्घायुषी प्रकारांना पाच वर्षं किंवा त्याहून जास्त मुदत असते. आकडा मॅन्युअलचाच धरा.

गळती थांबवायची पावडर आणि आपल्याकडची हळद, यांच्याबद्दलही दोन शब्द. रेडिएटर फुटला की चिमूटभर हळद टाकून गाडी घरी आणणारे ड्रायव्हर अजून आहेत. अडल्या वेळी ठीक. पण ती हळद, ती पावडर पंपाच्या सीललाही जाऊन चिकटते आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. घरी पोचल्यावर सिस्टिम धुऊन घेतलीच पाहिजे.

समुद्राची हवा, उभी गाडी आणि पूर

खारी हवा पंपाच्या आत शिरत नाही, पण बाहेरून पुलीला, बोल्टला, होस पाइपच्या क्लिपांना खाते. वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत कुठल्याही किनाऱ्याजवळच्या गावात चार-पाच वर्षांच्या गाडीचे क्लिप बघा, स्क्रूचे डोळे गंजाने बुजलेले असतात. अशा क्लिपा कूलंट बदलतानाच नव्या टाका. पुळणीवर गाडी नेण्याची हौस असेल तर ती सोडा. उडालेलं खारं पाणी इंजिनच्या खालच्या बाजूला बसतं आणि महिनोन्महिने तिथेच काम करत राहतं.

गावी ठेवलेली आणि वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, बाहेर निघणारी गाडी पंपाच्या दृष्टीने सर्वांत वाईट. फिरलं नाही की सीलचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाडी सुरू केली की ठिबकायला लागतं. गावात कुणी सांभाळणारं असेल तर पंधरवड्यातून एकदा गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवायला सांगा, नुसती चालू करून बंद करायला नको. गाडी चालली की उंदरांचा मुक्कामही हलतो. होस पाइप कुरतडण्यात ते पटाईत.

22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा शेकडो गाड्या चिखलात बुडाल्या. अशा बुडालेल्या गाडीत लोक इंजिन ऑइल, सीट, वायरिंग बघतात. पंपाच्या, तसंच टेन्शनर आणि आयडलर या पट्टा ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुल्यांच्या बेअरिंगांत गढूळ पाणी गेलेलं असतं, ते काही महिन्यांनी बोलतं. पुरातली गाडी दुरुस्त करताना, किंवा अशी गाडी जुन्या बाजारात घेताना, पट्ट्यावरची सगळी बेअरिंगं बदलून घेणं शहाणपणाचं.

अंगणातली तपासणी

महिन्यातून एकदा, सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. गाडी सपाट जागी हवी.

आधी कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. ती ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये असली पाहिजे. असेल तिथे मार्करने रेघ मारून तारीख टाका. पुढच्या वेळी रेघेखाली गेली असेल तर ते कूलंट कुठेतरी गेलं आहे. बंद सिस्टिममधलं कूलंट पेट्रोलसारखं संपत नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर ओतायचं आणि ‘गाडी जुनी झाली, पिते थोडं’ म्हणायचं, ही सवय पंप मारते आणि पाठोपाठ इंजिनही.

मग रंग. बॅटरीच्या उजेडात कूलंट स्वच्छ, पारदर्शक दिसायला हवं. तपकिरी दिसलं तर आत गंज आहे. वर तेलाची साय किंवा दुधाळ फेस दिसला तर प्रकरण पंपाच्या पलीकडचं, बहुधा हेड गॅस्केटचं. गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवा.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. जांभ्या चिऱ्यांच्या अंगणात किंवा तांबड्या मातीत थेंब दिसत नाही, पुठ्ठ्यावर दिसतो. सकाळी डाग कुठे पडला ते बघा: पट्ट्याच्या बाजूला, इंजिनच्या टोकाखाली असेल तर पंपावर संशय घ्या. एसीचं पाणी बिनरंगी असतं आणि वाळल्यावर खूण राहत नाही. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो, वाळल्यावर रंगीत किंवा पांढरी खपली धरते. चव घेऊन बघायच्या भानगडीत पडू नका, ते विष आहे. पावसाळ्यात सगळंच ओलं, तेव्हा ही तपासणी मांडवात किंवा शेडमध्येच करायची.

आता वीप होल. मोबाइलचा कॅमेरा आणि फ्लॅश चालू करून हात खाली घाला, फोटो काढा. भोकाभोवती नुसता कोरडा, फिकट डाग असेल तर घाबरू नका; नव्या पंपातूनही सुरुवातीला किंचित पाझरतं. फोटो जपून ठेवा आणि महिन्याने पुन्हा काढा. भोकापासून खाली ओघळ उतरलेला असेल, खपली जाड झालेली असेल किंवा बोट लावल्यावर ओलं लागत असेल, तर पंप गेला. तो आणखी महिना चालेलही, पण घाटात न्यायचा नाही.

किल्ली काढून घेऊन पुली हाताने धरा, वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. पट्टा चढवलेला असताना फक्त मोठा प्ले, म्हणजे सैलपणा, कळतो. खरी परीक्षा पट्टा उतरवून होते. चांगला पंप हाताने फिरवताना एकसारखा, जरासा जड फिरतो. खरखर लागली, अडखळला किंवा पुली डुगडुगली, की निकाल लागला.

शेवटी आवाज. बाह्या वर, ओढणी किंवा पंचा बाजूला, आणि मग इंजिन चालू. बेअरिंगचा आवाज घरघरीचा असतो आणि ॲक्सिलरेटरबरोबर चढतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या बॉडीवर टेकवून मूठ कानाशी लावली की तो नेमका कुठून येतो ते कळतं. अल्टरनेटर आणि टेन्शनरवरही तसंच ऐकून तुलना करा. फिरत्या पट्ट्याजवळ हात नेण्याची सवय नसेल तर हे काम मेकॅनिकवर सोपवा. पावसाळ्यात सकाळी गाडी चालू केल्या केल्या चीं-चीं होते आणि मिनिटाभरात थांबते, तो ओला पट्टा घसरल्याचा आवाज. पट्ट्याचा ताण बघून घ्या. पंपाला दोष देऊ नका.

काहीच सापडत नाही आणि पातळी तरी उतरते, असं असेल तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावायला सांगा. झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून दहा-पंधरा मिनिटं काटा स्थिर राहतो का ते बघतात. लपलेली गळती त्या दाबाखाली बाहेर पडते.

गाडी तापते कधी, त्यावरून दोष कुठे

ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की थंड होते: पंखा, त्याचा रिले, किंवा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा. चढावर, भरल्या गाडीत तापते: पाणी पुरेसं फिरत नाही, म्हणजे पंप, थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) किंवा आतून चोंदलेला रेडिएटर. गरम इंजिनवर हीटर पूर्ण चालू केला आणि तरी थंड वारा आला, तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा पंप पाणी ढकलतच नाही. कोकणात हीटर लावतो कोण, पण या तपासणीसाठी तो फार कामाचा आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तसं करू नका. तो साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो आणि इंजिनला योग्य तापमानावर ठेवतो. काढला की इंजिन सपाटीवर गरजेपेक्षा थंड चालतं, पेट्रोल जास्त जातं, आणि मूळ दुखणं झाकलं जातं. बिघडला असेल तर नवीन बसवा.

घाटात काटा चढला तर

एसी बंद, काचा खाली, हीटर आणि ब्लोअर पूर्ण. वळणावर न थांबता पहिली सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. वाफ येत नसेल आणि काटा उतरत असेल तर इंजिन दोन मिनिटं आयडलवर चालू राहू द्या. वाफ येत असेल, लाल दिवा पेटला असेल किंवा तापमानाबरोबर बॅटरीचाही दिवा लागला असेल, तर ताबडतोब बंद. बॅटरीचा दिवा बरोबर लागणं म्हणजे बहुधा पट्टा तुटला. अल्टरनेटर आणि पंप बऱ्याच गाड्यांत एकाच पट्ट्यावर असतात.

एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा: कूलंट सगळं वाहून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. चढलेला काटा अचानक पडला आणि इंजिन ओढत नसेल तर ‘झाली थंड’ म्हणून पुढे जाऊ नका. बऱ्याच लहान गाड्यांत काटाच नसतो, नुसता दिवा. त्या मालकांनी ओबीडी पोर्टला (स्कॅनर जोडायच्या सॉकेटला) लावायचं छोटं यंत्र घेऊन मोबाइलवर तापमान बघावं. सपाटीवर 85 ते 100 अंशांच्या आसपास दिसणारा आकडा चढावर वर जाऊन तिथेच रेंगाळायला लागला, तर ती दिव्याच्या कितीतरी आधीची सूचना आहे.

झाकण किमान पाऊण तास उघडायचं नाही. वरचा होस पाइप हाताने दाबता येईल इतका निवल्यावर, जाड फडकं ठेवून, हळूहळू. मग पिण्याचं पाणी थोडं थोडं घाला. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर धातू तडकू शकतो. त्या पाण्यावर जवळच्या गॅरेजपर्यंत जायचं, आणि नंतर ते काढून योग्य मिश्रण भरायचं. पंपातूनच धार लागली असेल तर पुढे जाण्याचा विचार नको, टोचन बोलवा.

कधी बदलायचा

वर सांगितलेल्यापैकी पुलीला प्ले, बेअरिंगची घरघर किंवा ओलं वीप होल, यातलं एकही असेल तर बदला. नव्या गाड्यांत पंप दुरुस्त करत बसू नये, पूर्ण बदलावा. जुन्या जीपच्या पंपांना सील-बेअरिंगचं किट मिळतं, पण ते प्रेसवर नीट बसवणारा हात हवा. सांभाळलेला पंप साधारण लाख-दीड लाख किलोमीटर जातो. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप असेल तर बेल्टच्या मुदतीला तो चांगला असला तरी बदलून टाका, टेन्शनर आणि आयडलरसकट. तिथे पोचायची मजुरीच मोठी असते, ती दोनदा कशाला द्यायची?

वेळेचंही भान ठेवा. मुंबईहून गणपतीला येणाऱ्यांनी निघायच्या दोन दिवस आधी गाडी दाखवू नये, निदान तीन आठवडे आधी दाखवावी. उत्सवात गावाकडची गॅरेजं बंद असतात, मेकॅनिकच्याही घरी गणपती असतो, आणि तालुक्याच्या दुकानात तुमच्या मॉडेलचा पंप असेलच असं नाही. रत्नागिरी, कोल्हापूर नाहीतर मुंबईहून मागवावा लागतो. मागवताना आरसीवरचा चासी नंबर द्या. एकाच मॉडेलच्या दोन सालच्या गाड्यांना वेगळे पंप लागतात.

गॅरेजमध्ये काय बघायचं

काम मेकॅनिकच करणार, पण शेजारी उभं राहायला हरकत नाही. कूलंट थंड इंजिनवर काढायचं. बोल्ट निघतील तसे पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून त्या त्या जागी खोचून ठेवायला सांगा. त्यांची लांबी सारखी नसते, आणि लांब बोल्ट चुकीच्या भोकात आवळला तर ॲल्युमिनियम फुटतं. किनाऱ्यावरच्या गाडीत बोल्ट गंजून बसलेले असतात. जोर लावण्याआधी गंज सोडवणारा स्प्रे मारून त्यांना अर्धा तास द्या. बोल्टचं डोकं तुटलं की तासाभराचं काम दिवसाचं होतं.

जुनं गॅस्केट खरवडताना ग्राइंडर किंवा धारदार पटाशी चालवू देऊ नका, पृष्ठभागावर चरा पडला की नवा पंपही तिथून गळतो. प्लास्टिकचं पातं आणि सबुरी पुरते. सिलिकॉन पेस्ट मॅन्युअलमध्ये सांगितली असेल तरच, आणि तीही पातळ रेघेइतकी. जास्त लावली की आतल्या बाजूला तिची दोरी तुटून रेडिएटरमध्ये अडकते. नवा पंप आणि जुना शेजारी ठेवून इंपेलरची उंची, भोकं, पुलीची पातळी जुळते का बघा. पुली हातोडीने ठोकून बसवायची नाही. त्या ठोक्याने नवं बेअरिंग बसवण्याआधीच खराब होतं. बोल्ट आधी सगळे हाताने, मग समोरासमोरच्या जोडीने, शेवटी टॉर्क पान्याने. लहान बोल्टना फार थोडा जोर लागतो.

पट्टा जुना असेल तर आत्ताच बदला. जरुरीपेक्षा घट्ट ताणलेला पट्टा नव्या पंपाचं बेअरिंग खातो. आणि कूलंट भरण्याआधी इंजिन ‘जरा आवाज बघू’ म्हणून चालू करू देऊ नका. कोरडं सील काही सेकंदांत करपतं.

भरताना घाई नको. गाडीचं तोंड किंचित चढाकडे ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल. बारीक धारेने भरत जा, स्क्रूमधून बुडबुड्यांशिवाय धार आली की बंद करा. मग इंजिन चालू करून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. तोवर थर्मोस्टॅट उघडलेला असतो आणि अडकलेली हवा बाहेर येते. हीटरमधून गरम वारा यायला हवा, डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू यायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पातळी बघा, बहुधा थोडी उतरलेली असते, तेवढी भरा. पहिला आठवडा रोज बघा, आणि तेवढ्यात एखादा घाट चढून या.

काढलेलं जुनं कूलंट गटारात, पऱ्यात किंवा माडाच्या आळ्यात ओतायचं नाही. ते गोड लागतं, त्यामुळे कुत्री आणि गुरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, गॅरेजमध्ये जुन्या ऑइलच्या पिंपाशेजारी वेगळं ठेवायला सांगा. ऑइलमध्ये मिसळू नका.